दीड-दोन वर्षांचं मूल: पुरळ, खाज, कपडे आणि रोजची कोडी

पायवाट

लेक पावणेदोन वर्षांची झाली. तान्ह्या बाळांवर या मंचावर भरपूर धागे आहेत, शाळेत जाणाऱ्या मुलांवरही आहेत. पण जे मूल पळतं, मोजे ओढून फेकतं आणि तरी 'इथे खाजतंय' एवढं सांगू शकत नाही, त्याच्याबद्दल एका जागी काही सापडलं नाही. म्हणून हा धागा काढते आहे. माझी कोडी आधी मांडते, तुमचीही लिहा.

बेंबीच्या बोटभर खाली एक गोल, लालसर, खरखरीत चट्टा आहे, मोठ्या नाण्याएवढा. मलम लावलं की फिकटतो आणि पुन्हा उठतो. डायपरच्या बाकीच्या भागात काहीही नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांमागे कोरडे पट्टे आहेत. रात्री तिथे इतकं खाजवते की चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात.

आणि कपडे! सकाळी अंगात काही घालायचं म्हटलं की घर डोक्यावर घेते. एकच जुना, धुऊन धुऊन विटलेला टीशर्ट तिला चालतो. थंडीत नेमकं किती घालावं हेही कळत नाही. हात-पाय गार लागतात म्हणून आणखी एक थर चढवला की मान घामाने ओली.

पहिल्या दोन्हींसाठी डॉक्टरांकडे जाणारच आहे. पण जाण्याआधी काय पाहून ठेवावं, हे अनुभवी लोकांकडून कळलं तर बरं होईल.

कवडसा

धुण्याची पावडर बदलून बघ. वासाची नको. आणि एकदा जास्त खळबळून घे. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव वापरत असशील तर ते आधी बंद कर, त्याचा थर धाग्यावर राहतो. नवे कपडे धुतल्याशिवाय अंगात घालूच नकोस. घडी मोडू नये म्हणून कापडाला जी प्रक्रिया करतात तिच्यात फॉर्माल्डिहाइड असू शकतं आणि जादा रंगही पहिल्या धुण्यात जातो.

निरभ्र

मी बरीच वर्षं त्वचारोग विभागात परिचारिका होते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. निदान डॉक्टरच करतील, पण काय पाहायचं ते सांगू शकते.

पुरळ कशी दिसते हे सगळे बघतात. ती कुठे आहे आणि कुठे नाही, हे फार थोडे बघतात, आणि निम्मं उत्तर तिथेच असतं. कवडसा, पावडरीचा त्रास असता तर जिथे जिथे कापड घट्ट लागतं तिथे सगळीकडे काही ना काही दिसलं असतं. काखेजवळ, कमरेभोवती, मानेला. पायवाटच्या मुलीला एकच गोल चट्टा आहे, तोही बेंबीखाली. तर प्रश्न असा की नेमकं तिथे रोज काय टेकतं?

पायवाट, तिच्या पँटा पोटाशी आतून उलटून बघ. धातूचं टिचबटण आहे का? बटणाची पाठ थेट कातडीला लागते का? असेल तर निकेल या धातूच्या ॲलर्जीची शंका घ्यायला जागा आहे. घामाने धातूतलं निकेल थोडं थोडं सुटतं आणि त्वचेत उतरतं. ही ॲलर्जी लगेच उठत नाही. स्पर्शानंतर एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून परवा घातलेल्या पँटकडे कोणाचंच लक्ष जात नाही. युरोपीय संघात त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूंवर बंधन आहे: आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. पण कपड्यावरच्या चिठ्ठीत बटणाबद्दल काही लिहिलेलं नसतं. डायमिथिलग्लायॉक्झाइमचं तयार चाचणी-द्रव मिळतं. कापसाच्या काडीवर थेंब घेऊन बटणावर घासायचं, काडी गुलाबी झाली की निकेल आहे.

डायपरच्या पुरळीलाही हाच नियम लावा. फुगीर भाग लाल आणि जांघेच्या घड्या स्वच्छ असतील तर बहुतेक ओलाव्याचा त्रास. लघवी आणि शी एकत्र आली की त्वचेवरची आम्लता कमी होते, मग शीमधली पाचक द्रव्यं जास्त जोर धरतात आणि कातडी सोलवटते. अशा वेळी डायपर लवकर बदलणं, थोडा वेळ उघडं ठेवणं आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा जाड थर, एवढं पुरतं. प्रत्येक वेळी तो थर खरवडून काढायचा नाही. घाण झालेला वरचा भाग टिपायचा आणि त्यावर नवा थर द्यायचा. पण लाली घडीच्या आत शिरली असेल आणि कडेला सुटे सुटे लाल ठिपके असतील तर बुरशीची शक्यता मोठी. ती नुसत्या झिंकने जात नाही, दोन-तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवा.

मधुमालती

निरभ्र, खूप छान लिहिलंत. पोटाचा चट्टा बटणाचा असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

कोपर आणि गुडघ्यामागच्या पट्ट्यांबद्दल मी लिहिते, कारण माझ्या मुलाला एक्झिमा (इसब) आहे आणि आम्ही तो रोज जगतो. तान्हं असताना गालांवर होता. चालायला लागल्यावर तो कोपराच्या, गुडघ्याच्या खळग्यांत आणि मनगटांवर आला. वयाबरोबर त्याची जागा अशी बदलते हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं, त्यामुळे ही वेगळीच भानगड वाटली होती. डॉक्टरांनी समजावलं की मुळात त्वचेचा वरचा थर ओलावा धरून ठेवायला कमी पडतो. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन हा थर घट्ट ठेवतं आणि त्याच्या जनुकातल्या दोषाचा एक्झिमाशी असलेला संबंध २००६ मध्ये कळला. त्यानंतर 'आम्ही काय चुकीचं खाऊ घातलं' हा प्रश्न स्वतःला विचारणं मी थांबवलं. ज्या घरात हा आजार आहे त्यांना कळेल की हे केवढं ओझं असतं.

आमचा क्रम असा: कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटांत अंघोळ आटपायची. साबण मळलेल्या जागीच, तोही सौम्य. टॉवेलने पुसायचं नाही, टिपायचं. अंग जरा ओलसर असतानाच, म्हणजे तीनेक मिनिटांत, साधं बिनवासाचं मलम. आणि ते हात आखडून लावू नका. अंगभर एक्झिमा असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ग्रॅम किंवा जास्तच, असं ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. बहुतेक घरांत तेवढं महिन्यालाही लागत नाही. लावताना केसांच्या दिशेने खाली ओढायचं. उलटसुलट चोळलं तर केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

अंगणवेल

स्टिरॉइडचं मलम दिलं तर लावावं का? घरातली मोठी माणसं नको म्हणतात, कातडी पातळ होते म्हणे.

मधुमालती

अंगणवेल, आमच्याकडेही हाच वाद झाला. डॉक्टरांनी सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलं तितके दिवस, सांगितलेल्या जागी लावलं तर मूल शांत झोपतं. भीतीपोटी चिमूटभर लावून एक दिवसाआड सोडून दिलं की आग विझतही नाही आणि मलमही लांबतच जातं. मोजायची सोपी रीत आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळवे मावतील एवढ्या जागेला ती पुरते.

निरभ्र

मधुमालतीला पूर्ण अनुमोदन. भीती बाळगायचीच असेल तर ती 'सगळ्यावर चालणाऱ्या' नळीची बाळगा, जिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक एकत्र असतं. गजकर्णावर ती लावली की खाज थांबते, लाली उतरते आणि बुरशी मात्र आत पसरत राहते. मग तिचा गोल आकारही हरवतो आणि डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं. शेजारच्या मुलाची उरलेली नळी कधीही लावू नका.

अजून एक. एक्झिमाच्या मुलाला अचानक ताप आला आणि खाजऱ्या जागी एकसारख्या लहान, दुखऱ्या फोडांचा किंवा खळग्यांचा पुंजका दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो हर्पिसचा विषाणू असू शकतो आणि तो अशा त्वचेवर वेगाने पसरतो.

पाचोळा

मलमांवरून आठवलं. मलम मुरलेले कपडे आणि चादरी लवकर पेट घेतात आणि धुतल्यावरही सगळा अंश जात नाही. मूल तसल्या कपड्यांत असताना शेगडी, मेणबत्ती, पेटती काडी यांच्या आसपास नको.

पायवाट

निरभ्रताई, दोन पँटांना आतून टिचबटण आहे आणि ते थेट पोटाला लागतं. त्यातल्या एका बटणाची पाठ घासून पिवळट झाली आहे आणि चट्टा बरोबर त्याच उंचीवर आहे. दोन्ही पँटा बाजूला काढल्या. आता नुसत्या इलॅस्टिकच्या घालते. बाकीच्यांवर नेलपॉलिश लावून चालेल का? असं कुठेतरी वाचलं होतं.

निरभ्र

तात्पुरतं चालतं, धुण्यात ते निघून जातं आणि मग पुन्हा लावत बसावं लागतं. बटणच काढून प्लॅस्टिकचं लावून घे, किंवा मागून सुती कापडाची दुहेरी चकती शिवून टाक. खोचलेलं लांब बनियनही मध्ये येतं, पण या वयात ते खोचलेलं राहत नाही. चट्टा बरा व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर 'बटण काढलं तरी काही फरक नाही' असं म्हणून हे सोडून देऊ नकोस. आणि डॉक्टरांकडे जाताना ती पँट बरोबर ने.

गिरकी

मी बाबा आहे, सकाळी कपडे घालायचं काम माझ्याकडे. तर कपड्यांच्या विरोधाबद्दल.

माझं मत असं की निम्मा विरोध कपड्याचा असतो आणि निम्मा आपल्या घाईचा. दोन्ही वेगळे काढायला हवेत.

कपड्याचा भाग आधी. मुलाला जो कपडा चालतो तो आणि जो चालत नाही तो, दोन्ही उलटे करून शेजारी शेजारी ठेवा आणि आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूने फिरवून बघा. आमच्या नावडत्या टीशर्टच्या मानेशी चिठ्ठी कापून टाकलेली होती, पण शिवणीत तिची दोन मिलिमीटरची कडक कड उरली होती. मानेवरून फिरवली तर मलाच ओरखडा आल्यासारखं वाटलं. चिठ्ठी कात्रीने कापू नये. तिची शिवण उसवून ती मुळासकट काढावी. पुढच्या चित्राची पाठही बघा. छापील असेल तर ती घामाने चिकटते, भरतकाम असेल तर मागे दोऱ्यांच्या गाठी असतात. लोकरीचा स्वेटर टोचतो म्हणणारं मूल नखरे करत नसतं. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू वाकत नाही, त्याचं टोक कातडीला टोचतं. बारीक मेरिनो लोकर त्या मानाने चालते, नाहीतर आत सुती पूर्ण बाहीचं घालावं.

विटलेला टीशर्ट आवडतो यात नवल नाही. त्याच्या शिवणी मऊ पडलेल्या असतात आणि वास ओळखीचा असतो. तसलेच वापरलेले कपडे नातेवाइकांकडून मागून घ्या. नव्याचा हट्ट आपला असतो, मुलांचा नसतो.

आता घाईचा भाग. या वयात मूल घालायला शिकण्याआधी काढायला शिकतं. मोजे, टोपी, मग पँट. तो त्याचा अभ्यास आहे. रात्री कपडे बदलताना मोजे त्यालाच काढू द्या, अर्धे टाचेखाली ओढून ठेवा म्हणजे शेवटचा विजय त्याचा. पँट गुडघ्यापर्यंत आपण चढवायची, उभं करून वर त्याने ओढायची. डोकं गळ्यात अडकलं की अंधार होतो आणि तिथेच रडं फुटतं. म्हणून गळा आधी हातांनी गोळा करून मागून पुढे पटकन न्यायचा आणि तोवर बोलत राहायचं, आवाज ऐकू आला की मूल धीर धरतं. निवड द्यायची ती दोनातलीच. 'काय घालायचं?' असं विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येणार.

कवडसा

बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते: लहान बाळांच्या कपड्यांना खांद्यावर जी एकावर एक दुमड असते ती शोभेची नाही. शी पाठीपर्यंत आली की तो कपडा डोक्यावरून न काढता खांद्यांवरून खाली, पायांतून ओढून काढता येतो. केस आणि तोंड वाचतं. मोठ्या मापातही असे कपडे मिळतात, शोधून घ्या.

अंगणवेल

आणि थंडीत किती घालायचं? तो प्रश्न राहिला.

पाचोळा

हात-पाय गार लागण्यावरून ठरवू नका. लहान मुलांत रक्त आधी धडाकडे राखलं जातं, त्यामुळे तळवे गार असणं नेहमीचं आहे. मानेच्या मागे किंवा छातीवर हात घाला. कोमट आणि कोरडं असेल तर बरोबर, दमट असेल तर एक थर काढा. आपण स्वस्थ बसलेलो असताना जेवढं घालतो त्याहून एक थर जास्त, ही ढोबळ रीत. पण मूल पळत असेल तर आपल्याइतकंच पुरे. झोपताना घरात कानटोपी नको. मुलं जादा उष्णता डोक्यातून टाकतात.

गाडीतल्या मुलांच्या आसनात फुगीर जाकीट घालून बसवू नका. पट्टे घट्ट वाटतात, पण धक्का बसला की आतली हवा दबते आणि मूल पट्ट्यांतून निसटू शकतं. पातळ कपड्यांवर पट्टे आवळायचे आणि जाकीट वरून उलटं पांघरायचं.

टोपीच्या, गळ्याच्या नाड्या तर आजच ओढून टाका. युरोपीय मानकानुसार सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपीला-गळ्याला नाडी चालतच नाही, आणि अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये याबाबत सूचना काढल्या. घसरगुंडीच्या फटीत आणि वाहनाच्या दारात नाडी अडकून मुलं दगावली होती. वापरलेले कपडे घेताना हे आवर्जून बघा.

मधुमालती

घामोळ्यांचं कोणी लिहिलं नाही. घामाच्या नळ्यांची तोंडं बंद होऊन ती येतात, म्हणून त्यांच्यावर जाड मलम लावू नये. एक्झिमावर मलम हवं आणि घामोळ्यांवर नको, त्यामुळे उकाड्यात आम्ही जाड मलम फक्त खळग्यांत लावतो आणि पाठीवर-छातीवर पातळ लोशन. हवा खेळू देणं हाच खरा उपाय. पावडर भुरभुरवली की बरं वाटतं खरं.

निरभ्र

पावडरीला माझा स्पष्ट विरोध आहे. घामात ती कालवली जाऊन घड्यांत घट्ट बसते आणि उलट घासते. त्याहून वाईट म्हणजे बारीक भुकटी श्वासातून फुप्फुसात जाते, आणि या वयाची मुलं डबा हिसकावून स्वतःच्या तोंडावर उपडा करतात. टाल्क असो वा मक्याची, लहान मुलाच्या हाताला लागेल असा डबा घरात नसावा.

अंगणवेल

माझं कोडं विचारते. मुलाच्या हाता-पायांच्या काही नखांना मुळाशी आडवी चीर पडून ती वरून सुटायला लागली आहेत. दुखत नाही. मार लागलेला नाही. घरात सगळे घाबरले आहेत.

निरभ्र

अंगणवेल, महिन्या-दीड महिन्यापूर्वी ताप, तोंडात फोड, तळव्यांवर पुरळ असं काही येऊन गेलं होतं का?

अंगणवेल

हो! हात-पाय-तोंडाचा आजार झाला होता, सौम्यच होता.

निरभ्र

मग बहुतेक त्याचाच हा मागे उरलेला परिणाम. आजारपणात नख तयार होणं काही काळ थांबतं आणि ती खूण काही आठवड्यांनी वर येते. जुनं नख गळतं आणि खालून नवं येतं. ओढू नका, मोज्यात अडकत असेल तर सुटी कड तेवढी कापा. डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या, पण रात्रीची झोप घालवू नका.

तातडीचं कोणतं, तेही लिहून ठेवते. ताप आहे आणि पुरळही आहे, तर पारदर्शक पेल्याची बाजू पुरळीवर दाबून बघा. दाबल्यावर ठिपके दिसेनासे होत नसतील तर थांबू नका, लगेच रुग्णालय. सावळ्या त्वचेवर ते ओळखणं अवघड असतं, म्हणून तळवे, तळपाय, पापण्यांची आतली बाजू आणि तोंडातली टाळू पाहा. मूल मलूल असेल तर पेल्याच्या निकालाचीही वाट पाहू नका.

कवडसा

मोज्यांवरून एक. मूल एकाएकी कळवळून रडायला लागलं आणि काही कारण सापडत नसेल तर मोजे काढून प्रत्येक बोट वेगळं करून बघा. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात, तो केस किंवा मोज्यातला सुटा दोरा बोटाभोवती आवळला जातो. बोट सुजलं की तो कातडीत रुततो आणि दिसतही नाही. लगेच निघाला नाही तर सरळ दवाखाना. मोजे नेहमी उलटे करून धुवा आणि आतले लोंबते दोरे कापून टाका.

गिरकी

कवडसा, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं. धाग्याच्या शीर्षलेखातच टाका, पायवाट.

पायवाट

टाकते. टिचबटणाचं आणि पेल्याचंही टाकते. एक्झिमासाठी परवाची वेळ मिळाली आहे. आता बुटांबद्दल कोणी लिहाल का? चालताना तिचे पाय आत वळतात आणि तळवे सपाट दिसतात. कमानीचे महागडे बूट घ्या असं सुचवलं जातंय.

पाचोळा

या वयात तळव्याखाली चरबीची गादी असते, म्हणून तो सपाट दिसतो. बहुतेकांची कमान पाच-सहा वर्षांपर्यंत दिसायला लागते. दुखत नसेल, लंगडत नसेल तर कमानीच्या बुटांची गरज नाही. घरात अनवाणीच चालू दे. पाय आत वळणंही बहुतेकांचं वाढीबरोबर सुटतं. एकाच बाजूचा पाय वळत असेल किंवा ती सारखी पडत असेल तर मात्र दाखव.

बाहेरच्या बुटाचा तळ बोटांपाशी सहज वाकला पाहिजे. माप दोन्ही पायांचं, उभं राहून, संध्याकाळी घे, कारण दिवसाअखेर पाय थोडे फुगतात. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी. बूट दाबून बघू नकोस, मुलं बोटं आत मुडपून घेतात. आतला तळ बाहेर काढ आणि त्यावर तिला उभं कर, म्हणजे नेमकं दिसेल. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघत राहा.